ऐकायचं कुणी, आणि ऐकलं हे ठरवायचं कुणी?

25 जून 1975 रोजी आणीबाणी लागू झाली, तेव्हा विनोबा भावे वर्ध्याजवळच्या पवनारच्या आश्रमात मौनात होते. 25 डिसेंबर 1974ला घेतलेलं ते मौन वर्षभराचं होतं. त्या काळात त्यांच्या नावावर दोन शब्द आश्रमाबाहेर पडले: 'अनुशासन पर्व'. सरकारने ते उचलले, प्रचारात वापरले, आणि विनोबांचा आणीबाणीला आशीर्वाद आहे असा समज देशभर पसरला. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला, की शासन असतं ते राज्यकर्त्यांचं, अनुशासन असतं ते आचार्यांचं. पाठोपाठ जानेवारी 1976मध्ये पवनारला आचार्यांचं संमेलनही भरलं. पण तोवर सहा महिने उलटून गेले होते, आणि पहिला अर्थ लोकांच्या डोक्यात पक्का बसला होता.

विनोबांच्या त्या वेळच्या भूमिकेवर अजूनही वाद होतात. तो वाद इथे निकालात काढायचा नाही. मला त्यातली एवढीच गोष्ट हवी आहे: ऐकणारा बलवान होता, त्याने सोयीचं ते ऐकलं, आणि 'आम्हाला असं समजलं, बरोबर आहे का?' हे परत येऊन विचारण्याची त्याला गरज पडली नाही. तसं विचारायला लावील अशी कुठली व्यवस्थाच नव्हती. कार्यालयात, दवाखान्यात, कारखान्यात रोज हेच घडतं. फक्त त्याची पोस्टरं लागत नाहीत.

या दुखण्यावरचं औषध म्हणून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत प्रशिक्षणाचा एक मोठा धंदा उभा राहिला आहे. सॉफ्ट स्किल्स, कम्युनिकेशन स्किल्स, अॅक्टिव्ह लिसनिंग. इंजिनिअरिंग कॉलेजात प्लेसमेंटच्या हंगामाआधी तीन दिवसांचं शिबिर असतं. आयटीआयमध्ये 'एम्प्लॉयबिलिटी स्किल्स' हा विषय आहे. सरकारी कर्मचाऱ्यांना पुण्याच्या यशदात प्रशिक्षण मिळतं, आणि 2020 साली मंजूर झालेल्या 'मिशन कर्मयोगी'मुळे मोबाइलवर अभ्यासक्रम पुरे करून प्रमाणपत्र घेण्याची सोय झाली आहे. बँका, विमा कंपन्या, कॉल सेंटर यांचं तर त्यावाचून चालतच नाही.

या वर्गांत बसलेल्या कुणालाही ठाऊक असलेला एक खेळ आहे. प्रशिक्षक प्रत्येकाच्या हातात एक कोरा कागद देतो. डोळे मिटा, प्रश्न विचारायचा नाही. कागद मधोमध दुमडा, उजवा कोपरा फाडा, परत दुमडा, वरचा कोपरा फाडा. डोळे उघडून बघावं तर तीस जणांच्या हातात तीस नक्ष्या. हशा पिकतो. प्रशिक्षक म्हणतो, बघा, सूचना एकच होती, प्रत्येकाने वेगळी ऐकली! मग चहा-समोसा, फीडबॅक फॉर्म आणि ग्रुप फोटो. खेळ छानच आहे. पण त्याचं खरं मर्म 'प्रश्न विचारायचा नाही' या अटीत आहे, आणि त्यावर वर्गात क्वचितच कुणी बोलतं. सोमवारी ऑफिसात परतल्यावर ती अट जशीच्या तशी लागू असते. साहेब सूचना देतात, खालचा 'हो साहेब' म्हणतो. त्या 'हो'चा अर्थ समजलं असाही होतो, नाही समजलं पण विचारायची सोय नाही असाही होतो, आणि समजलं पण हे होणार नाही असाही होतो. तिन्ही 'हो' कानाला सारखेच लागतात.

ऐकण्याच्या प्रशिक्षणाची मुळं शोधत गेलं तर आपण शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात पोचतो. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या या कारखान्यात 1924पासून प्रयोग चालू होते. त्यांतल्या दिव्यांच्या उजेडाच्या प्रयोगाची गोष्ट मॅनेजमेंटचं प्रत्येक पुस्तक सांगतं. 1928 ते 1930 या काळात तिथे 21 हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या, ही त्याहून मोलाची गोष्ट मात्र मागे पडते. सुरुवातीला मुलाखती ठरावीक प्रश्नांवर चालत. कामगार त्या प्रश्नाचं जेमतेम उत्तर देत आणि आपल्या मनातलं बोलू लागत. शेवटी प्रश्नावली बाजूला ठेवून नुसतं ऐकायचं ठरलं, आणि मुलाखती लांबत गेल्या. त्या मुलाखतींतून मिळालेली माहिती सुपरवायझरांच्या प्रशिक्षणात वापरली गेली. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी 1957 साली 'अॅक्टिव्ह लिसनिंग' नावाची पुस्तिका लिहिली, तीही उद्योगांसाठीच. आज नागपूर-पुण्याच्या प्रशिक्षकांच्या पीपीटीत जे दिसतं त्याचं आजोळ ते.

या कथेचा पुढचा भाग प्रशिक्षक सांगत नाहीत. 1936 साली हॉथॉर्नमध्ये कायमचे समुपदेशक नेमले गेले. ते कारखानाभर फिरत, कामगारांचं ऐकून घेत, ऐकलेलं गुप्त ठेवत. पण ऐकलेल्यावर काही करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. टीकाकारांनी तेव्हाच विचारलं, की मग हे तक्रार सोडवणं आहे की तक्रारीची वाफ सोडणं? पुढे ती योजना गुंडाळली गेली. तरी तो प्रश्न प्रशिक्षणाच्या प्रत्येक प्रस्तावाला आजही विचारण्याजोगा आहे.

ज्या क्षेत्रांत न ऐकल्याची किंमत जिवांनी मोजावी लागली, त्यांनी वेगळी वाट धरली. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. केएलएमच्या विमानाचा कॅप्टन हा त्या कंपनीचा नावाजलेला प्रशिक्षक होता. धावपट्टीवर वेग घेताना फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, की ते दुसरं विमान अजून पट्टीवरून हटलेलं नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं, हटलंय. पुन्हा कुणी विचारलं नाही. यानंतर विमानवाहतुकीने दोन गोष्टी केल्या. हाताखालच्यांनी शंका कशी लावून धरायची आणि कॅप्टनने ती कशी घ्यायची, याचं प्रशिक्षण सुरू केलं. 1979 साली नासाने घेतलेल्या कार्यशाळेतून त्याला आकार आला. पण नुसत्या प्रशिक्षणावर विसंबणं झालं नाही. बोलण्याचे शब्दच बांधून दिले गेले. 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचा, आणि मिळालेली परवानगी वैमानिकाने परत म्हणून दाखवायची. माणूस चांगला श्रोता आहे की नाही, यावर काहीच सोडलं नाही.

यासाठी टेनेरिफपर्यंत जायचीही गरज नाही. पवनारपासून आठ-दहा किलोमीटरवर वर्धा आणि सेवाग्राम ही स्टेशनं आहेत. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे मार्ग इथे एकत्र येतात. रेल्वेत 'प्रायव्हेट नंबर' नावाची जुनी पद्धत आहे. स्टेशनमास्तर फोनवर गेटमनला गाडी येत असल्याची खबर देतो किंवा शेजारच्या स्टेशनशी गाडी सोडण्याबद्दल बोलतो, तेव्हा नुसतं 'ठीक आहे' चालत नाही. समोरच्याने आपल्याजवळच्या छापील तक्त्यातला पुढचा आकडा सांगायचा, तो दोन्हीकडच्या रजिस्टरात चढवायचा, आणि तक्त्यात खोडायचा. तो आकडा म्हणजे ऐकल्याची पावती. इंजिनातही लोको पायलट आणि सहायक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. पदाने धाकटा असला म्हणून सहायकाला गप्प बसता येत नाही, कारण बोलणं हाच त्याच्या ड्यूटीचा भाग आहे. माझ्या मते कामाच्या ठिकाणी ऐकणं म्हणजे काय याचा सर्वांत प्रामाणिक धडा या रजिस्टरात आहे. सॉफ्ट स्किल्सच्या एकाही वर्गाला तो दाखवायला नेलेलं माझ्या ऐकिवात नाही.

दवाखान्याकडे वळू, कारण वर्धा जिल्ह्याची ओळख जितकी आश्रमांची तितकीच वैद्यकीय महाविद्यालयांची आहे. डॉक्टर किती ऐकतात याचं मोजमाप अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी 1984 साली मांडलं. तपासलेल्या 74 भेटींत रुग्णाचं बोलणं सरासरी 18 सेकंदांत तोडलं गेलं होतं. आपल्याकडे 2019च्या एमबीबीएस तुकडीपासून अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला, त्याला विद्यार्थी 'एटकॉम' म्हणतात. हे पाऊल चांगलंच आहे; आधी असा स्वतंत्र भाग नव्हता. परीक्षेत मात्र त्याची जी गत होते तीही बघण्यासारखी आहे. खोटा रुग्ण खुर्चीत बसलेला असतो, परीक्षकाच्या हातात यादी असते. नमस्कार केला, खूण. नाव सांगितलं, खूण. 'मी तुमचा त्रास समजू शकतो' म्हटलं, खूण. पोरं हुशार असतात, वाक्यं पाठ होतात. मग इंटर्नशिपला ओपीडीत बाहेर दोनशे माणसं रांगेत असतात. बाई सांगू लागते, 'डॉक्टरसाहेब, जीव घाबरा होते, कसंतरीच वाटते', आणि ते पाठ केलेलं वाक्य म्हणायलाही उसंत नसते.

या बाबतीत सेवाग्रामने जुनीच पण वेगळी रीत धरली. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नवा विद्यार्थी आधी गांधींच्या आश्रमात शिबिराला राहतो. पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, आणि विद्यार्थ्याकडे काही कुटुंबं सोपवलेली असतात. तिथे रुग्ण खुर्चीत नसतो, स्वतःच्या ओसरीवर असतो. पाहुणा तो डॉक्टर. कुणाच्या घरात आपण बसलो आहोत, याचा ऐकण्यावर जो परिणाम होतो तो कुठल्याही रोल-प्लेने साधत नाही.

याच मातीतलं सर्वांत ठसठशीत उदाहरण विदर्भातल्याच गडचिरोलीचं. सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले डॉ. अभय बंग आणि त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग यांनी 1986 साली तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. बायका राणीताईंशी बोलू लागल्या. 'अंगावर जातं' या दोन शब्दांत किती दुखणी लपलेली आहेत, ते त्या ऐकण्यातून पुढे आलं, आणि मग दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी झाली. त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोगाचा त्रास होता. आधी कधी तपासणी झालेल्या अवघ्या 8 टक्के होत्या. जानेवारी 1989मध्ये 'लॅन्सेट'ने हा अभ्यास छापला आणि जगभर स्त्री-आरोग्याची चर्चा कुटुंबनियोजन आणि बाळंतपण यांच्या पलीकडे गेली. राणीताईंच्या पुस्तकाचं नावच 'कानोसा' आहे. दवाखाना बांधतानाही त्यांनी आदिवासींना विचारलं. मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, असं लोक म्हणाले. म्हणून शोधग्राम या सर्चच्या परिसरातला दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा झाला आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव मिळालं. नुसतं ऐकलं आणि बांधकाम आराखड्याप्रमाणेच केलं असतं, तर ते ऐकणं कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

सर्चच्या नवजात बालकांच्या घरगुती काळजीच्या पद्धतीवरूनच पुढे देशभरातल्या आशांना, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांना, प्रशिक्षण मिळालं. बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जायचं, विचारायचं, ऐकायचं, समजावायचं. या देशातलं संवादकौशल्याचं सर्वांत मोठं प्रशिक्षण कुठलं, असं कुणी विचारलं तर मी कुठल्याही आयटी कंपनीचं नाव घेणार नाही, आशांचं घेईन. पण याच आशांना महाराष्ट्रात 2023 आणि 2024 साली मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं, आझाद मैदानात बसावं लागलं. तिला ऐकायला शिकवलं. तिचं ऐकण्याचं प्रशिक्षण कुणाला दिलं? आपल्याकडे हे प्रशिक्षण पाण्यासारखं वरून खाली वाहतं. परिचारिकेला मिळतं, शिपायाला मिळतं, काउंटरवरच्या कारकुनाला मिळतं. ज्यांच्या न ऐकण्याने सर्वाधिक नुकसान होतं, ते उद्घाटनाचा दिवा लावून पुढच्या मीटिंगला निघून जातात.

प्रशिक्षणाचं माध्यम हा आणखी एक घोळ. विदर्भातल्या पोरांना 'कम्युनिकेशन' म्हणजे इंग्रजी असंच वाटतं, आणि शिकवणाऱ्यांनी तो समज वाढवला. वऱ्हाडी बोलणारा शेतकरी, मराठी बोलणारी तलाठीबाई, हिंदी बोलणारा ठेकेदार आणि छत्तीसगढहून आलेला मजूर अशी माणसं ज्याला उद्या रोज भेटणार आहेत, त्याला सराव दिला जातो तो इंग्रजीत स्वतःची ओळख करून देण्याचा. मुलाखतीपुरता त्याचा उपयोग होतो, हे मान्य. पण इंटरव्ह्यूची तयारी आणि नोकरीतला संवाद या दोन गोष्टी एकाच बिलात घालणं ही चलाखी आहे.

आता पवनारकडे परत. 25 मार्च 1959 रोजी विनोबांनी धाम नदीकाठच्या आश्रमात ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी. अध्यात्म बाजूला ठेवून बघितलं तर ती एक कामाची जागाच आहे. शेती, गोशाळा, स्वयंपाक, छपाई, 'मैत्री' मासिक. वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या, वेगवेगळ्या मातृभाषांच्या बायका तिथे दशकानुदशकं एकत्र काम करत आल्या. प्रमुख असं कुणी नाही, आणि निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वानुमतीने होतात. या एका नियमाचा परिणाम विचार करण्याजोगा आहे. बहुमताच्या बैठकीत अर्ध्याहून एक जास्त हात वर झाले, की उरलेल्यांचं बोलणं ऐकायची गरज संपते. सर्वानुमतीत ती संपतच नाही. जी पटत नाही म्हणते, तिचं म्हणणं समजून घेतल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. ऐकणं हा तिथे कुणाचा सद्गुण उरत नाही, ती अडचणीतून सुटण्याची एकमेव वाट होते.

याच्या मर्यादा उघड आहेत. सर्वानुमतीला वेळ लागतो, आणि तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याला तो नसतो. शिवाय जिला सर्वांची नाराजी नको असते, ती दमून 'असू दे' म्हणते, आणि ते एकमत म्हणून खपतं. आश्रमातल्या बहिणींची संख्याही आता कमी झाली आहे. तरी ही पद्धत पवनारपुरती राहिली नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीने गाव चालवलं. मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे विनोबांच्या विचारावर आधारलेल्या या पद्धतीला अभ्यासगटाची जोड दिली. अभ्यासगटात फक्त चर्चा करायची, निर्णय घ्यायचा नाही, निर्णय ग्रामसभेत. जिंकण्या-हरण्याचा प्रश्नच नसला की माणसं समोरच्याचं खरंच ऐकतात, हे त्यामागचं साधं शहाणपण. 2009 साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होतं.

आपल्या कायद्यातही ऐकण्याच्या अशा व्यवस्था आहेत, त्या धूळ खात पडल्या आहेत एवढंच. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची वर्क्स कमिटी सांगितली होती. ग्रामसभेच्या आधी महिलासभा घ्यायची तरतूद महाराष्ट्रात आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यात तक्रार समितीच्या चौकशीला 90 दिवसांची मुदत आहे. यांतली किती जिवंत आहेत, ते प्रत्येकाने आपल्या ऑफिसात बघावं.

नुसत्या व्यवस्थेनेही भागत नाही, हेही सांगायला हवं. शस्त्रक्रियेआधी सगळ्यांनी थांबून नावं सांगायची, शंका विचारायची, ही जागतिक आरोग्य संघटनेची यादी आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली गेली, त्यांत दिल्लीही होतं. मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8वर आलं, असं 2009 साली प्रसिद्ध झालं. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ती सक्तीने लागू झाली आणि 2014च्या अभ्यासात म्हणावा असा फरक दिसलाच नाही. खुणा करायच्या म्हणून केल्या, की यादी नुसता कागद होते. म्हणजे प्रशिक्षण हवंच. पण व्यवस्था कशी वापरायची याचं, आणि वरच्या माणसापासून सुरू होणारं.

ऐकण्याच्या प्रशिक्षणाचा एक नमुना आपल्या घरातच आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले. अठरा अध्याय, अठरा रविवार. साने गुरुजींनी ते हाताने उतरवून घेतलं आणि त्याची 'गीता प्रवचने' झाली. विनोबांनी ते लिखाण पाहिलं, मान्य केलं, आणि मग ते जगापुढे गेलं. बोलणाऱ्याने बघून 'हो, मी हेच म्हणालो' असं म्हणणं, हीच ती पायरी, जी 1975 साली गळाली.

तेव्हा ज्या अधिकाऱ्याच्या, प्राचार्याच्या किंवा सरपंचाच्या टेबलावर संवादकौशल्याच्या प्रशिक्षणाचा प्रस्ताव पडला आहे, त्याला एक विनंती. सही करण्याआधी मागच्या वर्षीची प्रोसिडिंगची वही मागवा. न पटल्याचं एखादं मत नावानिशी नोंदलेलं आहे का, त्याचं पुढे काय झालं हे लिहिलं आहे का, आणि ते ज्याचं होतं त्याला वाचून दाखवून सही घेतली आहे का, एवढं बघा. सापडलं नाही तर प्रशिक्षकाला वर्षभर थांबवा आणि वही लिहिण्याची पद्धत बदला. त्याला खर्च येत नाही.